बांधाचा तंटा आणि मोजणीदाराची पात्रता

शेतकऱ्याच्या संसारात जमिनीइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही, आणि जमिनीच्या बाबतीत बांधाइतकी नाजूक जागा दुसरी नाही. बी-बियाणे, खते व औजारे यांच्याविषयी शेतकरी आता बराच चोखंदळ झाला आहे. बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर तो वाचतो, खताची पावती मागून घेतो. परंतु आपल्या शेताची हद्द ज्याच्या हाती सोपवावयाची, त्या मोजणी करणाऱ्या माणसाची पात्रता काय, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. हा प्रश्न विचारला जाणे किती अगत्याचे आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी नीट ध्यानी घ्यावयास हवे.

बांधाचे गणित साधे आहे. २०० मीटर लांबीचा बांध एका बाजूस अवघा अर्धा मीटर सरकला, तर १०० चौरस मीटर, म्हणजे १ आर, म्हणजे जवळजवळ १ गुंठा जमीन एका खातेदाराकडून दुसऱ्याकडे जाते. अर्धा मीटर म्हणजे नांगराचे दोन-तीन तास. एवढ्याशा अंतरावरून सख्ख्या भावांची तोंडे फिरतात, येण्याजाण्याच्या वाटा बंद होतात आणि दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालतात. दाव्यात गेलेला पैसा व वेळ मोजला, तर त्यातून त्या गुंठ्याची किंमत अनेक वेळा फिटली असती, असे पुष्कळदा दिसून येते.

जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे १ गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. ही साखळी वापरून वापरून ताणली जाऊन केवळ १ इंचाने वाढली, तर १० एकरांच्या क्षेत्रात सुमारे २ गुंठे कमी भरतात. म्हणून साखळी वेळोवेळी प्रमाण मापाशी ताडून पाहणे, हा मोजणीदाराच्या शिक्षणाचा पहिला धडा असे. आता साखळीच्या जागी इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे रोव्हर आले आहेत. साधन बदलले तरी धडा तोच आहे. यंत्राचीही तपासणी लागते, आणि यंत्राने दिलेला आकडा कोठून कोठवर ग्राह्य धरावयाचा, हे जाणणारा माणूस लागतो.

महाराष्ट्राला हा धडा नवीन नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमाबंदीसाठी मोठी मोजणी हाती घेतली होती. तिच्यामागील हिशेब मोठा शास्त्रशुद्ध मानला गेला होता. परंतु प्रत्यक्ष शेतात साखळी धरणाऱ्यांवर पुरेशी देखरेख राहिली नाही, मापांत चुका व लबाडी शिरली, आणि चुकीच्या क्षेत्रावर बसविलेला जड सारा रयतेच्या माथी आला. अनेकांनी जमिनी सोडल्या. पुढे १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी काम नव्याने मांडले. त्यांच्या पद्धतीत मोजणीदाराचे काम वरिष्ठाने पुन्हा मोजून पाहण्यास महत्त्वाचे स्थान होते. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत स्थिर झाली, आणि महाराष्ट्रातील बऱ्याच भागाचे भूमी अभिलेख त्याच पायावर उभे आहेत. मोजणीदार कोण आहे, त्याला काय शिकविले आहे आणि त्याचे काम तपासतो कोण, या तीन गोष्टी ढिल्या पडल्या की उत्तम योजनाही रयतेला जाचक होते, हा त्या अनुभवाचा बोध होय.

आजची परिस्थिती काय आहे? हद्द कायम करणे, पोटहिस्सा मोजणे ही कामे भूमी अभिलेख विभागाकडे आहेत. त्यासाठी खातेदार अर्ज करतो, शुल्क भरतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येतो आणि शेवटी मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. भूकरमापकाच्या नेमणुकीस स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, अथवा शालान्त परीक्षेनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अशी पात्रता लागते. त्याच्या मोजणीविषयी शंका असल्यास वरिष्ठाकडून निमताना मोजणी मागण्याची वाट आहे. म्हणजे शिक्षण, नोटीस व फेरतपासणी ही तिन्ही बंधने शासकीय मोजणीला आहेत.

परंतु अर्ज पुष्कळ व भूकरमापक थोडे, यामुळे शेतकऱ्यास थांबावे लागते. वाटणी अडलेली असते, खरेदीदार दारात उभा असतो, कर्जाची मुदत जवळ आलेली असते. अशा वेळी तालुक्याच्या गावी यंत्र भाड्याने घेऊन मोजणी करून देणारे खाजगी लोक भेटतात. त्यांच्यात चांगले शिकलेले व प्रामाणिक लोक आहेत, हे मान्य केले पाहिजे. शेततळ्याची आखणी, जलवाहिनीची रेषा, ठिबक संचाची मांडणी, जमिनीचे सपाटीकरण या कामांत त्यांचा उपयोगही मोठा आहे. अडचण येते ती हद्दीच्या कामात. अशा माणसाने काढलेल्या नकाशाला शासकीय अभिलेखाचे स्थान मिळत नाही. तरीही त्याने ठोकलेल्या खुंट्यांवर विसंबून बांध फोडले जातात, तारेचे कुंपण घातले जाते, आणि पुढे शासकीय मोजणीत खुंट्या दुसरीकडे निघाल्या म्हणजे झालेला सर्व खर्च वाया जातो. वैर उरते ते वेगळेच.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे अवश्य आहे. रोव्हर यंत्र एखाद्या बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगू शकते. परंतु जुन्या अभिलेखातील हद्द नेमक्या कोणत्या बिंदूवर होती, हे यंत्र सांगत नाही. ते टिपण, फाळणी, गुणाकार बुक, गटाचा नकाशा व शिल्लक राहिलेले हद्दीचे दगड एकमेकांशी ताडून ठरवावे लागते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार जेथे गट पडले, तेथे गटाच्या मागील जुने सर्व्हे नंबरही पाहावे लागतात. गावाचा नकाशा मोबाईलमध्ये घेऊन उपग्रहाच्या चित्रावर बसविणे हे काम सोपे दिसते. पण १ : ५००० या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून हद्दीचा न्याय व्हावा कसा? कागद जुना होऊन आक्रसतो, त्याची दुरुस्ती कशी करावी, हेही शिकावेच लागते.

मग जो मनुष्य हद्द मोजतो, त्याची पात्रता कोणी ठरवावी व ती कोणी राखावी? गुरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाचे नाव १९८४ च्या कायद्यान्वये नोंदवहीत असावे लागते. वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा व सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे. कीटकनाशके विकणाऱ्या दुकानदारालाही शैक्षणिक पात्रतेची अट लागू झाली आहे. जमिनीची हद्द दाखविणाऱ्या भूमापकासाठी मात्र साऱ्या देशाला लागू होईल असा नोंदणीचा कायदा झालेला नाही. १९५० साली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेयर्स’ ही संस्था भारतात निघाली. परंतु तिचा सभासद असल्यावाचून कोणी मोजणी करू नये, असे बंधन नाही, आणि खेड्यातील शेतकऱ्यास तिचे नावही सहसा ठाऊक नसते.

ह्या बाबतीत इंग्लंडचा अनुभव पाहण्याजोगा आहे. तिकडे ‘सर्व्हेयर’ हा शब्द जमीन मोजणारा, मिळकतीचे मूल्य ठरविणारा, इमारत तपासणारा अशा अनेकांना लागतो. रेल्वेमार्गांसाठी व वाढत्या शहरांसाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा मोजमाप व मोबदला यांवरून तंटे वाढले आणि भरवशाच्या माणसांची निकड भासली. १८६८ साली लंडनमध्ये ४९ सर्व्हेयर एकत्र आले व त्यांनी संस्था स्थापन केली. जॉन क्लटन हे तिचे पहिले अध्यक्ष. १८८१ साली तिला राजसनद मिळाली, आणि प्रवेशासाठी परीक्षा हा नियम रुजला. हीच संस्था आज ‘रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स’ या नावाने ओळखली जाते. नुसता ‘सर्व्हेयर’ असा फलक तिकडेही कोणी लावू शकतो, पण ‘चार्टर्ड सर्व्हेयर’ हे बिरुद संस्थेच्या सभासदालाच लावता येते. त्यासाठी मान्य अभ्यासक्रम, अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी, लेखी काम व तज्ज्ञांपुढे तोंडी परीक्षा, असा क्रम ठरलेला आहे. पुढेही दरवर्षी ठरावीक तास नवे शिक्षण घ्यावे लागते, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास सभासदत्व जाते.

तथापि संस्था स्थापन झाली म्हणजे सर्व काही साधले, असे मानण्याचे कारण नाही. ह्याच संस्थेच्या कारभारात पैशाच्या व्यवस्थेवरील देखरेखीविषयी लेखापरीक्षकांनी इशारा दिला असता, त्यावर प्रश्न करणाऱ्या चार संचालकांनाच २०१९ साली दूर करण्यात आले. २०२१ साली स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना पद सोडावे लागले, आणि २०२२ मध्ये संस्थेच्या पुनर्रचनेविषयी दुसरा अहवाल सादर झाला. व्यावसायिकांची संस्था आपल्याच लोकांना सांभाळू लागली, तर ज्यांच्यासाठी ती आहे त्यांचा तिला विसर पडतो. म्हणून नोंदवहीवर बाहेरच्या माणसाची नजर हवी. न्यूझीलंडमध्ये २००२ च्या कायद्याने हद्दीची मोजणी करणाऱ्यांना परवाना देण्याचे काम एका स्वतंत्र मंडळाकडे दिले आहे, त्यामागे हाच विचार दिसतो.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या कर्नाटकात परवानाधारक भूमापकांची पद्धत चालू आहे. सर्व्हे नंबराचा काही भाग विकावयाचा असेल, तर तेथे आधी ‘११-ई’ नावाचा नकाशा लागतो, आणि तो शासकीय अथवा परवानाधारक भूमापकाकडून तयार होतो. खरेदीखत आधी व मोजणी मागाहून, हा उलटा क्रम त्यामुळे बंद होण्यास मदत होते. महाराष्ट्रातही २०२५ साली परवानाधारक खाजगी भूमापकांचा विचार शासनस्तरावर पुढे आला. मोजणीच्या कामाचा साठा पाहता तो स्वागतार्ह आहे. परंतु परवाना हा कशाच्या बळावर दिला जातो, यावरच त्याचे बरेवाईट अवलंबून राहील. यंत्र विकत घेण्याची ऐपत हीच जर पात्रता ठरली, तर आजचे तंटे शिक्क्यासह उद्याही चालू राहतील.

परवान्याच्या मागे पाच गोष्टी असाव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, अभ्यासक्रमात यंत्राइतकेच महत्त्व जुन्या अभिलेखांच्या वाचनास द्यावे. टिपण व फाळणी वाचता न येणाऱ्यास हद्दीच्या कामाला हात लावू देऊ नये. दुसरी, अनुभवी भूमापकाच्या हाताखाली पुरेशा काळाची उमेदवारी असावी, आणि ती कोरडवाहू, बागायती व डोंगराळ अशा निरनिराळ्या जमिनींत व्हावी. तिसरी, परीक्षा घेणारे व शिकविणारे वेगळे असावेत, आणि परीक्षेचा मोठा भाग शेतात व्हावा. चौथी, परवानाधारकांची यादी नाव व क्रमांकासह तालुक्याच्या कार्यालयात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. शिस्तीच्या प्रश्नांचा निर्णय करणाऱ्या समितीत शेतकऱ्यांचा प्रतिनिधी असावा. पाचवी, नकाशावर भूमापकाची सही व क्रमांक असावा, आपल्या नातलगाच्या किंवा स्वतःचा हितसंबंध असलेल्या जमिनीची मोजणी त्याने करू नये, आणि त्याच्या चुकीने झालेले नुकसान भरून निघावे यासाठी विम्याची तरतूद असावी.

व्यावसायिक संस्था आणि नोकरांची संघटना यांतील भेदही येथे ध्यानात ठेवला पाहिजे. संघटना आपल्या सभासदांचे वेतन व सेवाशर्ती पाहते, आणि ते तिचे योग्यच काम आहे. व्यावसायिक संस्थेने मात्र सभासदाच्या कामाचा दर्जा पाहावयाचा असतो, आणि प्रसंगी आपल्याच माणसाचे नाव वहीतून काढावयाचे असते. भूमापकांनी, मग ते शासकीय असोत वा खाजगी, अशी संस्था स्वतः होऊन उभी करावी. त्यात त्यांचाही लाभ आहे. आज प्रामाणिक भूमापक व भाड्याच्या यंत्राचा मालक हे शेतकऱ्याच्या नजरेत एकाच पंक्तीला बसतात, आणि दुसऱ्याच्या चुकीचा ठपका पहिल्यावर येतो.

अशा बंधनांमुळे मोजणी महाग होईल व लहान शेतकऱ्यास परवडणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. म्हणून शुल्काची कमाल मर्यादा ठरवून द्यावी, आणि अल्पभूधारकासाठी शासकीय मोजणीचा मार्ग खुला ठेवावा. परंतु स्वस्त मोजणीचा खरा खर्च पुढे न्यायालयात होतो, हेही विसरता कामा नये. एक-दीड एकराच्या धन्याला बांधाचा दावा वर्षानुवर्षे चालविणे परवडत नाही. चुकीच्या मोजणीचा फटका त्यालाच सर्वांत अधिक बसतो. मोठा बागायतदार वकील लावू शकतो, लहान शेतकरी गप्प बसतो व जमीन सोडून देतो.

हे सर्व होईपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. ज्यांना लोक अजूनही तलाठी म्हणतात ते ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायतीचे अधिकारी व कृषी खात्याचे कर्मचारी यांनी मोजणीस निघालेल्या शेतकऱ्यास चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. हद्दीसाठी भूमी अभिलेख विभागाकडेच रीतसर अर्ज करावा व ‘क’ प्रत जपून ठेवावी. लगतच्या खातेदारांना बोलावल्यावाचून मोजणी करून घेऊ नये. खाजगी माणसाकडून अन्य कामासाठी मोजमाप घ्यावयाचे झाल्यास त्याचे शिक्षण व अनुभव विचारावा, लेखी पावती घ्यावी, आणि त्याच्या खुंट्यांवरून बांध हलवू नये. मोजणी शक्यतो पिके निघाल्यावर उन्हाळ्यात करावी, म्हणजे दगड व खुणा उघड्या दिसतात.

हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खातेदाराची आहे, आणि खूण नष्ट करणे हा दंडास पात्र अपराध आहे. ट्रॅक्टरच्या नांगराखाली दगड गेला, तर तो त्याच दिवशी शेजाऱ्यासमक्ष जागेवर बसवावा. बांधावरचा एक दगड शाबूत राहिला, तर मोजणीदाराचे निम्मे काम सोपे होते आणि निम्मे तंटे टळतात.

वाडवडिलांनी राखलेली जमीन पुढच्या पिढीच्या हाती बिनतक्रार जावी, ही प्रत्येक शेतकऱ्याची इच्छा असते. ती पुरी होण्यास चांगले यंत्र लागते, चांगला कायदा लागतो, आणि त्याहून अधिक, शिकलेला व आपल्या सहीला जबाबदार असलेला मोजणीदार लागतो. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याची सवय जशी गावोगाव रुजली, तशीच बांधाला हात लावण्यापूर्वी मोजणीदाराची पात्रता विचारण्याची सवय शेतकरी बंधूंनी लावून घ्यावी.